शहाऐंशी सेंटीमीटरच्या आत

बंदरावर पेटी उघडली. अधिकाऱ्याने वरचाच फ्रॉक उचलला. लेबलवर उंचीचा आकडा होता ९२. कागदावर मात्र लिहिलं होतं: तान्ह्या बाळांचे कपडे, उंची ८६ सेंटीमीटरच्या आत.

सहाशे फ्रॉक. सगळे ९२ चेच.

कस्टमच्या तक्त्यात ८६ पर्यंत उंचीच्या लेकरांचे कपडे एका कलमात येतात, त्यावरचे दुसऱ्यात. कलम चुकलं तर दुरुस्ती होते. मुद्दाम चुकवलं तर तो गुन्हा.

चौथ्या दिवशी कस्टमच्या निरीक्षक प्रणाली गवई अमरावतीत, 'चिमणपाखरं' दुकानाच्या माडीवरच्या ऑफिसात बसल्या होत्या. पिशवीत अहवाल तयार होता. दोषी म्हणून एकच नाव: मोतीराम इंगळे, कारकून. सही तेवढी बाकी होती. माणसाला भेटायच्या आधीच त्याचं नाव टाइप करून ठेवलं, हे प्रणालीला प्रवासभर टोचत होतं.

"काम कसं चालतं तुमच्याकडे?"

"माल कोणता पायजे ते मी तोंडी सांगतो," मालक देवराव म्हणाले. "नीलम कॉम्प्युटरवर ऑर्डर लिहिते, धाडते. मोतीराम हातानं कस्टमचा फॉर्म भरते, एजंट तोच पुढं लावते. अकोल्याचं दुकान अक्षय तृतीयेले उघडलं, तवापासून मले इथं बसाले वेळ नाही. या बुढ्याच्या भरोशावर सोडलं, अन् झालं हे! आजच घरी पाठवतो त्याले."

मोतीराम दाराशी उभे होते. तीस वर्षं याच दुकानात.

"फॉर्म तुम्हीच भरला?"

"हो. मालक बोलले तसाच."

"मालाच्या यादीत ९२ लिहिलंय. पाहिली नाही?"

"यादी आली नाही मायाकडं."

"मी टेबलावर ठेवली होती, काका," नीलम हळूच म्हणाली. बाळंतपणाच्या रजेवरून ती डिसेंबरात कामावर परतली होती.

"ठेवली असंन बाई. मायंच चुकलं असंन. आणा मॅडम, देतो सही."

नीलमने ऑर्डरची छापील प्रत पुढे केली. तारीख १२ जानेवारी. वय बारा ते अठरा महिने. वर दुकानाचं नाव, खाली अमरावती आणि अकोला, दोन्ही पत्ते.

"मूळ मेल दाखवा."

"कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, मॅडम."

तेवढ्यात नीलमचा मोबाइल वाजला. "ताप उतरला का गं आई? पेज तरी घेतली का त्याने?" ती भिंतीकडे तोंड करून बोलली.

"केवढं आहे बाळ?" प्रणालीने विचारलं.

"दुसरं लागलं."

"दोन वर्षांची पोरं दमवतात."

"दोन कायचे!" तशातही मोतीरामांना हसू आलं. "तुमी शहरातल्या दिसता मॅडम. एक सरलं, दुसरं लागलं. तेरा महिन्याचं हाये ते. अजून भिताडाले धरून चालते."

प्रणालीचं पेन थांबलं.

"देवराव, जानेवारीत तुम्ही काय सांगितलं होतं? शब्दन् शब्द सांगा."

"काय सांगन? 'दुसरं लागलेल्या पोरीयचे फ्रॉक मागवा.'"

नीलम खुर्चीवर बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं.

"एकच वाक्य दोघांनी ऐकलं," प्रणाली म्हणाली. "काकांनी एक वर्ष सरलेलं लेकरू धरलं आणि ८६ च्या आत लिहिलं. बरोबर लिहिलं. ऑर्डर लिहिणाऱ्याने घाईत 'दुसरं'चं 'दोन वर्षं' केलं. आत्ता मीही तेच केलं. पाठवणाऱ्याने दोन वर्षांचा, ९२ चा माल दिला."

"पण ऑर्डरीत त बारा ते अठरा महिने हाये!" देवराव म्हणाले.

"हा कागद जानेवारीचा नाही. अकोल्याचं दुकान अक्षय तृतीयेला उघडलं. मग जानेवारीत त्याचा पत्ता कसा छापला? माल अडकल्यावर हा कागद नवा काढला. ऑर्डर छापणारं इथे एकच माणूस आहे. यादीत ९२ दिसलं तेव्हाच तिला चूक कळली होती. म्हणून यादी काकांच्या टेबलावर गेलीच नाही."

पंखा फिरत होता. खाली गिऱ्हाईक फ्रॉकचा भाव करत होतं.

"ऑर्डर लिहिताना बाळ मांडीवर रडत होतं," नीलम म्हणाली. "नुकती परतले होते. चूक सांगितली असती तर सगळे म्हणाले असते, हिचं ध्यान लेकरातच. रोज घरून ठरवून यायचे, आज सांगते. काका दिसले की जीभ उचलायची नाही."

"चूक एका शब्दाची होती. दुरुस्त झाली असती. तुम्ही तिच्यासाठी एका माणसाला खोटं पाडलं." प्रणालीने पिशवीतला अहवाल काढून मधोमध फाडला. "आणि मी त्यांना न विचारता त्यांचं नाव लिहिलं."

देवराव मोतीरामांकडे बघायचं टाळत टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

मोतीराम नीलमजवळ आले.

"चार दिवस झाले, तू मले तुया डब्यातली भाजी वाढून राहिली," ते म्हणाले. "मले वाटे, पोरीले बुढ्याची कीव येते."

नीलमने मान वर केली नाही. प्रणालीसमोरचा जबाबाचा कोरा कागद तिने स्वतःच पुढे ओढला आणि पहिल्या ओळीत आपलं पूर्ण नाव लिहिलं.