साळूचा श्वास

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या तोंडात मिठाचं कोमट पाणी होतं.

रेकॉर्डिंगच्या आधी स्टुडिओच्या चहाच्या खोलीत, बेसिनपाशी, मान मागे टाकून मी गुळण्या करत होते. एवढ्यात दार ढकलून विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस आत आला आणि मला बघून जागीच थबकला.

"अरेच्चा… तुम्ही खऱ्या आहात!"

मी गाल फुगवून नुसती बघत राहिले.

"नको, बोलू नका. डावी भुवई वर गेली, म्हणजे 'हा आगाऊ कोण?' आता नाक आक्रसेल… आक्रसलं!"

मला हसू फुटलं. देवा रे! निम्मं पाणी घशात गेलं आणि निम्मं त्याच्या शर्टावर.

"मीठ जरा जास्त झालंय," शर्ट झटकत तो गंभीरपणे म्हणाला.

तो साळूचा चित्रकार होता. साळू म्हणजे आमच्या कार्टून सिनेमातली साळिंदर. वादळ येतं, रानातली सगळी बोलकी जनावरं एका गुहेत शिरतात. साळूला मात्र जागा नाही. "तुझे काटे टोचतात गं," असं म्हणत सगळे तिला दाराशीच उभी करतात. आणि शेवटी, तिला सगळ्यात जास्त हिणवणारा ससाच थंडीने कुडकुडायला लागतो, तेव्हा साळू त्याला विचारते, "जवळ येऊ का?"

साळूचा आवाज माझा. आमच्या कामात आधी आवाज घेतात आणि मग त्यावर चित्रं काढतात. माइकच्या वर एक छोटा कॅमेरा असतो, चित्रकाराला चेहऱ्यावरचे भाव मिळावेत म्हणून. म्हणजे हा गृहस्थ आठ महिने मला रोज बघत होता, आणि मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं!

त्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर पोचू लागले. गुळण्याही वाढल्या.

स्टुडिओत सगळे त्याला 'साळूचे बाबा' म्हणत.

"मग मी कोण?" एकदा मी विचारलं.

"आवाज तुमचा. म्हणजे… आईच की."

"आणि आई-बाबांची ओळख कधीची? परवाची?"

"आधी लेक, मग ओळख," तो कान खाजवत म्हणाला. "आपलं सगळं उलटंच आहे."

'आपलं' म्हणाला. मी तो शब्द घरी घेऊन आले.

एके दुपारी त्याने मला आपल्या टेबलापाशी बोलावलं. "हे बघा. 'जवळ येऊ का?' म्हणायच्या आधी तुम्ही एक श्वास घेता. घाबरलेला. 'नाही' ऐकायची तयारी ठेवून घेतलेला…"

पडद्यावर साळूचं पोट हलकेच फुगलं, आणि पाठीवरचे ताठ काटे एकामागून एक खाली बसले. वारा पडल्यावर गवत बसतं ना, तसे.

"तीन आठवडे लागले."

"एका श्वासाला?"

"काटा वेगवेगळा काढावा लागतो ना…" तो पडद्याकडेच बघत होता. "आणि घाई नव्हती मला."

पुढच्याच सोमवारी दिग्दर्शकबाईंनी मला केबिनमध्ये बसवून घेतलं. साळूला एका प्रसिद्ध नटीचा आवाज द्यायचं ठरलं होतं. "तू छानच केलंयस गं. पण पोस्टरवर नाव लागतं…"

बाहेर तो उभा होता. "मी आत जाऊन बोलतो."

"काही नको. तुमचे काटे मिटवा," मी हसत म्हणाले. हसू जमलं नाही, ते त्याला कळलंच असणार. आठ महिने दुसरं काय पाहिलं होतं त्याने?

"मी काय म्हणत होतो…" तो म्हणाला आणि थांबला. मीही थांबले. मग लिफ्ट आली.

आवाज गेल्याचं दुःख होतंच. पण खोटं कशाला बोलू? त्या बेसिनपाशी जायचं कारण गेलं, ते जास्त लागलं.

"रडतेस की सर्दी झालीय?" आईने विचारलं.

"सर्दी."

"बरं. काय करतो ही सर्दी?"

"…चित्रं काढतो."

चार महिन्यांनी त्याचा निरोप आला : 'सिनेमा तयार झालाय. रविवारी दुपारी फक्त काम करणाऱ्यांसाठी खेळ आहे. लेकीचं कौतुक आईशिवाय कसं व्हायचं?'

मी गेले. शेवटच्या रांगेत त्याने शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. नटीने काम सुरेख केलं होतं, आणि तेच जास्त टोचत होतं. मग गुहेचा प्रसंग आला. वादळ थांबलं. ससा कुडकुडत होता. साळू एक पाऊल पुढे आली…

आणि अख्ख्या थिएटरात एक श्वास ऐकू आला. माझा!

काटे खाली बसले. पुढचे शब्द नटीचे होते.

मी त्याच्याकडे वळले. तो कुजबुजला, "नटीबाईंनी अकरा वेळा श्वास घेतला. छान घेतला, पण घाबरलेला नव्हता. काटे बसेचनात. मग दिग्दर्शकबाईच म्हणाल्या, जुनाच ठेवा."

शेवटी नावं वर सरकत गेली. नटीचं मोठ्या अक्षरांत होतं. आणि खूप खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'साळूचा श्वास', आणि पुढे माझं नाव. मला ते नीट वाचताही आलं नाही, डोळे इतके भरले होते.

दिवे लागले. लोक उठले. तो उठला नाही. त्याने तळहात गुडघ्यांवर पुसले आणि एक श्वास घेतला. घाबरलेला… 'नाही' ऐकायची तयारी ठेवलेला. मी नाही ओळखणार तर कोण?

"डावी भुवई वर गेली," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे… काय?"

"म्हणजे विचारायला इतके दिवस लागतात का रे?"

मी दोन खुर्च्यांमधला हात टेकायचा दांडा वर उचलला, आणि सरकून जागा केली.