चौथी सोंगटी

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांना कथेत डुलकी लागते आणि दाराशी बसलेल्यांना चपलांची काळजी. इथं दोन्ही नको. आजची कथा पुराणातली नाही, पुढची आहे. अजून घडायची आहे म्हणा, नाहीतर कुठं घडून गेली आणि आपल्या कानावर यायची राहिली म्हणा. जिथं कथा होते तिथं बोलावलेल्यांपेक्षा एक जण जास्त असतो, असं आपल्यात मानतात. त्या जास्तीच्या एकाचीच ही कथा. मन लावून ऐका.

रत्नागिरीत, समुद्राकडे तोंड केलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर विद्याधरबुवा फणसळकर राहत. नारदीय कीर्तनाची गादी चालवणारे बुवा. उभे राहिले की झांजेआधी त्यांचा आवाज मंडपाच्या कडेला पोचे. त्या रविवारी दुपार कलली तेव्हा मात्र ते दिवाणखान्यात मांडी घालून, घोरपडीकडे बघावं तसे चौरंगावरच्या वस्तूकडे बघत बसले होते.

चौरंगावर थालीपिठाएवढी एक काळसर तबकडी होती. तिला म्हणायचे 'सूत्रधार'. अशा तबकड्या तेव्हा घरोघर झाल्या होत्या. खेळ तसा जुनाच. चारपाच जणांनी गोल बसायचं, एकेकानं आपल्यासमोर सोंगटी मांडून सोंग घ्यायचं आणि सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत त्या सोंगानं बोलायचं, वागायचं. धाडस साधलं की फसलं ते फाशांवर. पूर्वी गोष्ट सांगायला मित्रांपैकीच कुणीतरी बसे. आता तबकडी सांगे. तिला डोळे नव्हते. चौरंगावर कुठं काय ठेवलं हे तिला स्पर्शानं कळे आणि कान तर असे, की बसलेल्यांचा श्वास, चुळबूळ, अडखळणं, काही सुटत नसे. त्यातून ती प्रत्येकाची 'भावछाया' बांधी. म्हणजे हा माणूस इथं काय बोलला असता याचा अंदाज. कुणी मध्येच उठून गेलं तर त्याची छाया त्याचं सोंग पुढं चालवी. नाव घातलेलं असलं की दूरगावचा माणूसही आपल्या तबकडीवरून इथल्या डावात बसू शके. पण छाया असो की दूरचा माणूस, दोघांचं बोलणं सूत्रधार आपल्याच एका सपाट आवाजात सांगे.

ही तबकडी बुवांच्या लेकीची, शाल्मलीची. बुवांचा हुकूम झाला होता की सोमवारी ती दुकानात परत गेली पाहिजे. शाल्मलीनं एवढंच मागून घेतलं होतं, की त्याआधी आईबाबांनी एकदा स्वतः खेळून बघावं.

"फासे बघितले की मला धर्मराज आठवतो," बुवा म्हणाले.

"बाबा, इथं कुणी काही पणाला लावत नाही."

"तोही आधी असंच म्हणाला असेल."

शाल्मली हसली नाही. तिनं हे बोलणं मनात पुष्कळदा घोळवलं होतं. "परवा देवळात तुम्ही रावण झालात. मग मंदोदरी झालात, आवाज बदलून रडलात. पुढच्या रांगेतल्या बायका पदर लावून रडल्या. आणि घरी येऊन तुम्ही पिठलंभात जेवलात. तेव्हा कुणी म्हटलं का, की बुवांचं डोकं फिरलं?"

"मी आरती करून खाली उतरतो, पोरी. गादीवरचा रावण गादीवर राहतो. तुमच्या खेळाला आरती कुठं आहे?"

बाबांना खरं काय म्हणायचं आहे ते तिला ठाऊक होतं. या खेळानं घरातलं एक पोर नेलं होतं.

निषाद तिचा थोरला भाऊ. बाबांच्या मागं तबल्याला तोच बसायचा. कॉलेजात त्याला या खेळाचं वेड लागलं, तेव्हा कागदावर नकाशे काढून खेळत. एका उत्सवात कीर्तन उभं राहिलं आणि तबल्याची जागा रिकामी; हा मित्रांच्या डावात रंगलेला. त्या दिवशी बुवा घरी येऊन म्हणाले, "त्या सोंगांतच राहा. या घरात तुला जागा नाही." निषादनं पिशवी भरली आणि उंबऱ्यावर म्हणाला, "जातो." आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आई जिन्यापर्यंत धावली ती तेवढा एक शब्द बदलून घ्यायला. तो खाली उतरून गेला होता. भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर तो कामाला आहे, एवढं पुढं कुणाकडून तरी कळलं. फोन आला नाही, इथून गेला नाही. संध्याकाळी क्षितिजावर त्या चक्क्यांचे तांबडे दिवे लुकलुकत, आणि आई त्याच वेळी खिडकीचा पडदा ओढून घेई.

तबकडी घरी आणली तेव्हा शाल्मलीनं तिच्यात घरातल्या माणसांची नावं घातली. तीन घातल्यावर तिचं बोट थांबलं होतं. मग तिनं चौथंही घातलं. ते ती कुणाला बोलली नव्हती.

आई, वैजयंतीबाई, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. काखेत पाट होते. त्यांनी चौरंगाभोवती चार मांडले.

"आई, आपण तिघंच आहोत."

"कथा आहे ना? मग मारुतीचा पाट नको? तुझे बाबा कथेला उभे राहतात तिथं मी कधी चुकवलाय?"

"ती रामकथा असते, आई."

"त्याला का आमंत्रण छापून द्यावं लागतं? येईल, नाही आवडलं तर जाईल." आणि त्यांनी त्या रिकाम्या पाटासमोर, चौरंगाच्या कडेवर, दोन अक्षता टाकून एक सुपारी मांडली. देव बसवतात तशी.

पाट लहान होता, एका कोपऱ्याला दातांनी चावल्याच्या खुणा असलेला. तो कुणाचा हे तिघांनाही माहीत होतं.

"चार सोंगट्या," सूत्रधार म्हणाला. "चार खेळाडू बसले. सोंगं सांगा."

"मोजता येत नाही वाटतं याला," बुवा म्हणाले.

"सुपारी त्याला सोंगटी वाटली. राहू दे. चौथ्याची पाळी आली की क्षणभर थांबेल आणि पुढं जाईल." सुपारी उचल म्हणावं, तर आई पाटावरून उठून जाईल, अशी तिला धास्ती होती.

शाल्मली नावाडीण झाली. "मी चोर," वैजयंतीबाई म्हणाल्या. "जन्मभर कुलपं लावली. एकदा उघडून बघते."

"अहो ऐकलंत का," बुवा भिंतीवरच्या नारदाच्या तसबिरीला म्हणाले, "चाळीस वर्षांनी घरात चोर सापडला." मग घसा साफ करून बसले. "मी द्वारपाल. पण कडक. आत जागा असेल तरच सोडणार, नाहीतर राजा असला तरी बाहेर."

गोष्ट सुरू झाली. खाडीकाठचा एक किल्ला, दाट धुकं, पलीकडच्या तीरावर हाका. नावाडीण होडी घेऊन गेली. चोरानं फासे टाकून भांडारघराचं कुलूप उघडलं, तेव्हा आई लहान मुलीसारखी हसली. द्वारपालानं अशी काही दरडावणी केली की खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला. शाल्मलीच्या छातीवरचं ओझं हलकं व्हायला लागलं.

चौथ्याची पाळी आली. सूत्रधार थांबला. जरा जास्तच थांबला.

"चौथा ऐकतो आहे," तो म्हणाला आणि पुढं गेला.

पुढच्या फेरीला म्हणाला, "चौथा होडीतून उतरला. पाय ओले आहेत. दाराबाहेर उभा आहे."

बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या. दिवा कुणी लावला नव्हता. बुवांनी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"छाया आहे, बाबा." शाल्मलीला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "पाटावर कुणी नाही, म्हणून तो आपल्यावरूनच बांधतोय. त्या पाटाची पाळी आली की आपण तिघंही श्वास धरतो. आपण ज्याच्यासाठी श्वास धरतो, तो माणूस कसा असेल, एवढाच अंदाज."

"बंद कर."

"नको," आई म्हणाली. ती पाटाकडे वळली. चोराचा आवाज तिला जमत नव्हता, तरी ती प्रयत्न करत होती. "चोर विचारतो, बाहेर जो कोण उभा आहे त्याला. जेवलास का?"

"चौथा म्हणतो, जेवलो. मीठ जास्त होतं."

आईचा हात फाशांवर होता, तो तिथंच राहिला. निषाद ताटावर बसला की घास तोंडात जायच्या आधीच म्हणायचा, 'मीठ जास्त.' आई उलथनं दाखवी. रोजचं होतं. हे तबकडीला कुठून कळलं? खेळताना कधी आपण बोललो असू का, असं शाल्मली आठवू लागली. आठवेना. बोललो नाही, अशी खात्रीही होईना.

"द्वारपाल," सूत्रधाराचा सपाट आवाज आला, "चौथा आत येऊ मागतो. तुझा नेम आहे, जागा असेल तरच सोडायचं. चौथा विचारतो, जागा आहे का?"

बुवांनी फासे उचलले.

"याला फासे लागत नाहीत," सूत्रधार म्हणाला. "उत्तर लागतं."

तीन तास मंडळींना खिळवून ठेवणाऱ्या बुवांनी फासे खाली ठेवले. ते पाटाकडे बघत राहिले. शाल्मलीला वाटलं, आता उठतील, तबकडी उचलून गॅलरीतून खाली टाकतील, आणि पुन्हा कधी या घरात कुणी खेळायचं नाव काढणार नाही. मग बुवांच्या तोंडून आवाज आला. तो द्वारपालाचा नव्हता, गादीवरचाही नव्हता.

"आहे. जागा आहे. जागा होतीच रे."

पाट रिकामाच होता. तरी वैजयंतीबाईंनी आपला पाट इंचभर बाजूला सरकवला, शेजारी कुणी बसताना सरकवतात तसा.

मग बुवा म्हणाले, "अक्षता आण गं. देव बसवला की त्याला निरोपही द्यावा लागतो. या खेळाला आरती नसली तरी आपल्याला रीत आहे." त्यांनी सुपारीवर अक्षता वाहिल्या आणि विसर्जनाच्या वेळी म्हणतात ते म्हटलं, पुनरागमनाय च. परत येण्यासाठी जा. आजवर हजारदा म्हटलेलं ते वाक्य त्यांनी या वेळी अर्धंच म्हटलं, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. "सुपारीतल्या देवालासुद्धा आपण परत ये म्हणतो," ते पुटपुटले, आणि रीतीप्रमाणे सुपारी किंचित उत्तरेला सरकवली.

तबकडीच्या लेखी सोंगटी हलली होती.

"चौथा उठला," सूत्रधार म्हणाला. "वाटेला लागला. जाताना म्हणाला, येतो."

शाल्मलीनं चटकन आईकडे पाहिलं. 'येतो' हा शब्द आईच्या श्वासात इतकी वर्षं अडकलेला होता. छायेनं तो तिथून उचलला असेल. तसंच असेल. पण तबकडीत चौथं नाव होतं. आणि समुद्रातल्या एकट्या माणसाकडे वेळ घालवायला अशी एखादी तबकडी असणारच. आपल्या घरी आपल्या नावासमोर सोंगटी मांडली गेली, हे त्याच्या तबकडीनं त्याला सांगितलं असेल का? आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. मात्र सूत्रधार विचारलं तर खरं सांगे. चौथा कोण होता, छाया की माणूस, एवढं विचारायचं. तिनं तोंड उघडलं.

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला अक्षतांच्या कुंकवाचा वास होता. "नको विचारूस," ती म्हणाली. "येतो म्हणालाय ना."

बुवा उठले, दिवा लावला. त्यांची पाठ लेकीकडे होती. "हा खेळ निरुपद्रवी आहे, असं मला परत सांगू नकोस. कथा निरुपद्रवी असती तर मी कशाला जन्मभर उभा राहिलो असतो?"

शाल्मलीनं मान खाली घातली. उद्या तबकडी परत करायची, असं तिनं गृहीत धरलं.

"खेळ," बुवा म्हणाले. "पण उतरताना निरोप देत जा. सगळ्यांना. आणि पुढच्या रविवारी मला द्वारपाल नको. दुसरं काहीतरी बघ."

तिघांचे पाट उचलले गेले. चौथा आईनं उचलला नाही. पडदाही ओढला नाही. दूर, पाणी आणि आभाळ जिथं एक होतात तिथं, तांबडे दिवे लुकलुकत होते. लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. त्यांतल्या एखाद्याखाली त्या घटकेला एक तरुण आपल्या तबकडीसमोर ओल्या पायांनी बसला होता, की तिथं नुसता वारा होता? शाल्मली किती वेळ बघत उभी होती, तिला कळलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघांचाही श्वास थांबे, आणि कोपऱ्यातली तबकडी, बंद करायची राहून गेलेली, तो ऐकत असे.

कथा इथं ठेवतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा पाट असेल, कोपरा चावलेला. आज घरी गेल्यावर पानं मांडाल, तेव्हा क्षणभर थांबा, आणि त्या निषादची आठवण असू द्या. तो येतो म्हणालाय.