वंशबंदी

कळप डोंगराला लावून मायाक्का हाके गर्भपिशव्यांकडे वळली. मेंढवाड्यात ओळीने पारदर्शक पिशव्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीत, कोमट पाण्यात, एकेक काळं कोकरू वाढत होतं. जनावरांची डॉक्टर असलेल्या केतकीने पूर्वी अभ्यासासाठी इथल्या काळ्या मेंढरांच्या कानांचे बारीक तुकडे गोठवून ठेवले होते. डोंगरावरून ती जात संपल्यावर त्याच पेशींतून तिने ही कोकरं उभी केली.

जात काही आपोआप संपली नव्हती. मांसाळ पांढरी मेंढरं विकणाऱ्या कंपनीने काळ्या नरांवर बंदी आणवली. ते नर घरोघरून ओढून नेणाऱ्यांत पुढे होता मायाक्काचा दीर, म्हंकाळ. सख्ख्या भावाचा एडकाही त्याने सोडला नाही. घोंगड्यांचे माग बंद पडले, बिरोबाच्या जत्रेतल्या मेंढरांच्या शर्यती थांबल्या. मायाक्काच्या नवऱ्याने, धुळाने, अंथरूण धरलं आणि त्यातच तो गेला.

आज म्हंकाळ तिच्या दारात उभा होता.

"वहिनी, पांढऱ्यांचे खूर सडलं. हितला पाऊस त्यास्नी सोसत न्हाई. बंदी बी उठली आता. एक काळी जोडी द्या. पुन्यांदा कळप उभा करतो."

"तुमच्या भावानं बी असंच हात जोडलं हुतं."

त्याने मान खाली घातली. "चुकलं माझं."

"अमावस्येला या. दिते."

तो गेल्यावर तिने एका नराच्या पिशवीत वंशबंदीचं औषध सोडलं. घरी पैदास होऊ नये म्हणून कंपनी आपल्या नरांना हेच द्यायची. कोकरू धडधाकट वाढतं, पण त्याचा वंश चालत नाही. रिकामा वाडा कसा असतो, ते आता भावजींना कळेल. कितीतरी दिवसांनी मायाक्का पोटभर जेवली.

अमावस्येला म्हंकाळ तिच्या पायांना हात लावून जोडी घेऊन गेला. तेवढ्यात केतकी आली. तिच्या हातात औषधाची रिकामी बाटली होती.

"आक्का, हे कुणाच्या कोकराला दिलंत?"

"भावजीच्या."

केतकीने बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "गोठवलेले तुकडे संपलेत. सगळी काळी मेंढरं आज एकट्या तुमच्या वाड्यात आहेत. उद्या इथं रोग शिरला, तर जात कुणाकडे उरेल?"

उतारावर म्हंकाळ दोन्ही कोकरं छातीशी धरून, जपून पावलं टाकत चालला होता. अजून हाक ऐकू गेली असती. मायाक्का कुडाला धरून उभी राहिली. धुळानं काय केलं असतं?