दबलेलं खोकं

"बठ्ठा चुरा व्हई गया, नाना!"

कुंदाबाईंनी खोक्याचं झाकण उचललं आणि कपाळाला हात लावला. धुळ्याच्या रुपचंदशेठच्या दुकानात सगळे खोक्याभोवती गोळा झाले. उखर्डूला मात्र आधी वाटलं ते हे, की या चुऱ्यात तेल-तिखट आणि कांदा पडला तर काय बहार येईल! तो पोटाने विचार करणारा माणूस. डोकं चालवायला त्याचे दोस्त पंडितनाना होतेच.

पंडितनाना रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. जळगावात त्यांनी 'खासगी तपास' अशी पाटी लावली होती. आज मात्र ते तपासाला आले नव्हते. कुंदाबाई जळगावात गल्लीतल्या बायकांना घेऊन ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आपले खानदेशी पापड, करत. आता धुळे, शिरपूर, शिंदखेड्याहून मागणी येऊ घातली होती. माल न्यायला बाहेरचा गाडीवाला ठरवायचा, आणि त्याला घालायच्या अटी नानांनी तयार करायच्या, असं ठरलं होतं. माल अखंड पोचला पाहिजे, ही पहिली अट. ती पारखायला दोन गाडीवाल्यांना सकाळी एकेक खोकं दिलं होतं.

मोतीलालच्या खोक्यात एकही बिबडी मोडली नव्हती. शकीलच्या खोक्याचं झाकण आत दबलं होतं, आणि खाली हा असा चुरा.

"चुरा विकायला मी दुकान उघडलं नाही," रुपचंदशेठ म्हणाले. "आजच चांगला गाडीवाला ठरवा, नाहीतर मी दुसरीकडून माल घेतो."

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. ही मागणी गेली तर गल्लीतल्या चुली पुन्हा थंडावणार होत्या.

नानांनी शकीलला विचारलं, "काय झालं रे?"

"नाना, पारोळ्याजवळ बकरी आडवी आली. जोरात ब्रेक मारला. माझ्याच हातून झालं असेल. कुंदाक्का, नवा माल माझ्या गाडीने फुकट आणून देतो."

"इथे खोकं कुणाच्या हाती दिलंस?"

"दुकान बंद होतं. ओट्यावर ठेवलं अन् चहाला गेलो."

खोक्याला चहूबाजूंनी कापसाचे पुंजके चिकटले होते. शकीलच्या गाडीत कापूस भरलेला होता.

मोतीलाल चांगला भरदार गडी. चॉकलेटी सफारी, बोटात अंगठ्या. "माझ्याही गाडीत कापूसच होता, नाना. त्यातच खोकं ठेवून तान्ह्या बाळासारखं आणलं. शिवाय या ओट्यावर तासभर वाट पाहत बसलो!"

तो पाणी प्यायला वळला. त्याच्या सफारीच्या बुडाला कापूस लागलेला उखर्डूने पाहिला. कापसाच्या गाडीतून आल्यावर लागणारच, असं म्हणून त्याने सोडून दिलं. मोतीलालचं खोकं मात्र नव्यासारखं लखलखीत होतं. वरच्या सुतळीला कुणीतरी चिंधी गुंडाळली होती.

"रुपचंदशेठ, ओट्यावर बाकडं दिसत नाही?" नानांनी मध्येच विचारलं.

"पाय मोडलाय. काल सुताराकडे टाकलंय."

नाना हसले. "उखर्डू, शकीलचं खोकं पार तळापर्यंत उपस."

उखर्डूने उपसलं. वर सगळा चुरा, तळाच्या बिबड्या धडधाकट. खात्री करायला त्याने एक खाऊनही पाहिली.

"झालं," नाना म्हणाले. "मालधक्क्यावर जन्म गेला माझा. गाडीच्या हादऱ्याने माल मोडला की चुरा तळाला जातो. इथे तळ शाबूत आणि वरचं मोडलंय. गाडीत तर भोवती नुसता मऊ कापूस. म्हणजे गाडीतून उतरल्यावर वरून भार पडला."

"पण कोनी टाका?" कुंदाबाईंनी विचारलं.

"थांबा. मोतीलालशेठ, कापसात ठेवलेल्या तुमच्या खोक्याला एकही पुंजका नाही. सुतळीला चिंधी आहे. गाडीत ठेवलेल्या खोक्याला चिंधी कशाला? हातात धरून चालताना बोटं कापतात, तेव्हा ती लागते. तुमचं खोकं गाडीतून आलंच नाही."

मोतीलालने घाम पुसला.

"मग तुम्हाला कापूस लागला कुठून? ओट्यावर बाकडं नव्हतं. तुम्ही तासभर बसलात ते कशावर?"

उखर्डूने आ वासला. मग सगळ्यांची नजर एकदम सफारीच्या बुडाकडे गेली. रुपचंदशेठ आधी फिसकन हसले, आणि मग दुकानभर हसू फुटलं.

"गाडी सकाळी सुरूच होईना," मोतीलाल पडेल आवाजात म्हणाला. "खोकं मांडीवर घेऊन एस.टी.ने आलो. बसून बसून पाय आखडले होते. ओट्यावर ते खोकं दिसलं, टेकलो. आत कर्रकन वाजलं तेव्हा कळलं. मग सांगायची लाज वाटली. शकील, माफ कर भाऊ."

शकीललाही हसू आवरेना. "शेठ, मला वाटलं बकरीच नडली!"

कुंदाबाईंनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं, की जीव भांड्यात पडला म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नाना, ती पहिली अट खोडा," त्या म्हणाल्या. "बिबडी शे, मोडनारच. मोडली तर आपणहून सांगनारा मानूस पाहिजे. हाई पहिली अट लिखा. गाडी शकीलभाऊचीच लागंल."

"लिहा," रुपचंदशेठ म्हणाले. "शिंदखेड्याची मागणीही माझ्याकडूनच धरा."

तोवर उखर्डूने चुऱ्यात तेल, तिखट अन् कांदा कालवून परात मध्ये ठेवली होती. सगळे पोत्यांवर टेकले. मोतीलाल एकटाच उभा.

"बसा की, शेठ," कुंदाबाई म्हणाल्या.

मोतीलालने आधी खाली वाकून पोतं दोन्ही हातांनी चाचपलं, आणि मगच तो बसला.