दहा मिनिटांचा अंधार

त्या गुरुवारी वत्सला खैरमोडे बालवर्गात शिरल्या, पण कुणीच त्यांना बिलगायला धावत आलं नाही.

नेत्ररोपण सुरू झाल्यापासून गावात अंध अशा त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांची दृष्टीची नसच वाळलेली, त्यामुळे रोपणाचा उपयोग नव्हता. मुलांना अंध माणूस ठाऊक असावं म्हणून शाळा नऊ वर्षं त्यांना दर गुरुवारी बोलवत होती. त्या शिकवत काहीच नसत. मुलांबरोबर सागरगोटे खेळत, वरचा गोटा अंदाजाने झेलत, खुशाल लबाडी करत, आणि मुलं तावातावाने भांडत.

आज एक चिमुकला, घामेजलेला हात त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन गेला. बाकी सगळं चिडीचूप.

शिक्षिका निलांबरीने कौतुकाने सांगितलं, की सोमवारी वर्गात समभाव-पट्टी आली. कपाळाला बांधली की मेंदूतलं दृष्टीचं केंद्र दहा मिनिटं झोपी जातं. मुलाला खरोखरच दिसेनासं होतं. सगळी मुलं रडली. नंतरच्या चाचणीत त्यांची सहवेदना दुप्पट भरली.

वत्सलाबाईंनी सागरगोटे काढले. मुद्दाम दोनदा लबाडी केली. कुणी हरकत घेतली नाही. प्रत्येक डाव त्यांनाच मिळाला.

शेवटी पाच वर्षांची कस्तुरी जवळ आली. "आजी, मला दहा मिनिटांनी दिसायला लागलं. तुम्हाला कधी दिसणार?"

"मला नाही दिसणार."

"मग तुम्ही रोज रडता?"

"पहिल्या दिवशी रडले होते. पट्टीने तुला दाखवला ना, तो माझा पहिला दिवस. त्याला एकेचाळीस वर्षं झाली." त्यांनी तिचं कोपर चाचपलं. "तुझ्या कोपराला काय दिसतं गं?"

कस्तुरीने विचार केला. "काहीच नाही."

"मग ते घाबरतं का?"

तेवढ्यात घंटा झाली.

निलांबरी फाटकापर्यंत सोबत आली. आता पट्टी आहे, तेव्हा पुढच्या गुरुवारपासून या वयात एवढी पायपीट नको, असं तिने अदबीने सुचवलं. वत्सलाबाईंनी मान डोलावली आणि काठी टेकत निघाल्या.

मागून मुलांचे पाय धावत आले. चार हात अंतरावर येऊन मंदावले, आणि चवड्यांवर, आवाज न करता, त्यांना वळसा घालून पुढे गेले. त्यांत कस्तुरीचे कुठले, ते काही केल्या ओळखू येईना. सगळ्यांनी शहाण्यासारखी वाट दिली होती. पण या वाटेवरून त्यांच्याबरोबर आता चालणार कोण होतं?