रोहा सात, पेण चार

माझं नाव निशिगंधा, आणि माझ्या अंगाला बहुतेक वेळा डिझेलचा नाहीतर धुराचा वास येतो. आईने हौसेने नाव ठेवलं तेव्हा तिला काय माहीत, की ही पोरगी मोठी होऊन पेणच्या बंबावर चढणार आहे! हे आधीच सांगून टाकते, कारण नितेशने पहिल्याच भेटीत यावरून माझी खोडी काढली होती आणि ती मी अजून विसरलेले नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. नागोठण्याच्या अलीकडे एका गावात पेंढ्याच्या उडव्या पेटल्या होत्या. गावातल्या एकाने पेणला फोन केला, दुसऱ्याने रोह्याला. त्यामुळे वर्दी – आगीच्या फोनला आम्ही वर्दी म्हणतो – दोन्हीकडे गेली आणि एकाच शेताच्या बांधावर दोन बंब समोरासमोर येऊन उभे राहिले. आमचे ड्रायव्हर पोपटकाका गाडीतूनच म्हणाले, "घ्या! आग एक न् पाव्हणे दोन."

मी ब्रांच धरून पुढे होते. ब्रांच म्हणजे होजच्या टोकाचं पितळी तोंड, ज्यातून पाणी मारतात. पेंढ्याची आग मोठी लबाड. वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. उडवी फोडायची, भिजवायची, पुन्हा फोडायची... निम्म्यावर आलो आणि आमच्या टाकीतलं पाणी संपलं. मी मागे न बघताच ओरडले, "पाणी!"

"आलं, आलं. जरा दम धरा, मॅडम."

मी वळले. काळवंडलेल्या चेहऱ्याचा एक उंच मुलगा गुडघ्यावर बसून रोह्याच्या गाडीचा होज आमच्या होजला जोडत होता. कपलिंग खट्‌कन बसलं, त्याने त्यावर शाबासकी दिल्यासारखी एक थाप मारली, आणि माझ्या हातातली ब्रांच पुन्हा जिवंत झाली.

आग पूर्ण विझायला तीन तास लागले. गावातल्या एका काकूंनी कळशीभर ताक आणलं. आंब्याला मोहोर आला होता, पण त्या दिवशी त्याचा वास कुणाच्या नाकापर्यंत पोचणार! तो मुलगा ताकाचा पेला घेऊन माझ्या शेजारी बांधावर बसला.

"नाव काय तुमचं?"

"निशिगंधा."

त्याने मला कपाळावरच्या काजळीपासून बुटांवरच्या चिखलापर्यंत पाहिलं. मग नाक वर करून हवा हुंगली. "व्हय? मला तर करपलेल्या भाताचा वास येतोय."

"तो तुमचाच असेल. आरसा नाही का रोह्याच्या गाडीला?"

"हाय ना. पण त्यात मागचं दिसतं," तो शांतपणे म्हणाला, "न् मागं वळून बघावं असं आजवर कोण भेटलं नाय."

पोपटकाका उगाचच खोकले. मी ताक एका दमात संपवलं आणि होज गुंडाळायला उठले. माझे कान गरम झाले होते, आणि त्याचा आगीशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या कठड्यावर होज वाळत टाकताना पोपटकाकांनी हाक मारली. "ए पोरी, हा कुणाचा गो?" होजवर लाल रंगात लिहिलं होतं, रोहा ७. आमचा पेण ४ मात्र कुठेच नव्हता. मी रोह्याच्या स्टेशनला फोन लावला. तोच आवाज आला.

"तुमचा होज आमच्याकडे आलाय," मी म्हटलं.

"न् तुमचा आमच्याकडं. सकाळधरनं त्याच्याकडंच बघतोय मी. होजवर एवढं देखणं अक्षर कोण काढतं?"

"माझी आई. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. पीतांबराचा पिवळा उरला होता."

"मंग याला हात जोडायचे का यानं आग विझवायची?"

"परत करायचा! चूक तुमच्या लोकांची आहे."

"आमची? गुंडाळत कोण व्हतं ते मी बघितलंय, मॅडम."

"धुरात तुम्हाला काय दिसणार!" म्हणत मी फोन ठेवला.

खरं तर तो होज मीच गुंडाळला होता, आणि गुंडाळताना माझं लक्ष आकड्यावर नव्हतं. पण चूक कबूल करणं माझ्या स्वभावातच नाही. शाळेत गणित चुकलं, तर मी पुस्तकातलं उत्तर चुकलंय म्हणायचे.

एका होजसाठी बंब काही पाठवत नाहीत. म्हणून सुटीच्या रविवारी आम्ही मध्यावर, नागोठण्याच्या एसटी स्टँडवर भेटायचं ठरवलं. मी स्कूटरवर पायाशी होज ठेवून गेले. तो मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पेण ४ दोरीने बांधून आला होता. चेहरा धुतलेला होता. काजळीखाली असं काही असेल असं मला वाटलं नव्हतं... पण ते मी त्याला सांगितलं नाही.

होज बदलायला दोन मिनिटं लागली आणि चहाला दोन तास.

"आमच्याकडं महिन्याला दोनदा साप," तो सांगत होता. "बंबवाल्यांना सगळं येतं असं वाटतं लोकांना. एका आजीनं विहिरीत पडलेली कळशी काढायला बोलावलं."

"काढली?"

"काढली तर! मंग तिनं तांदळाची भाकरी खाऊ घातली. न् पावसाळ्यात कुंडलिका नदी चढली की तीन-तीन दिवस घर नाय. माझं घर वरसे गावात, स्टेशनापासून दहा मिनटांवर. पण आई डबा गेटावरच देऊन जाते."

मी त्याला आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांच्या शेडबद्दल सांगितलं. पेंढा, रंग, थिनर सगळं एका छपराखाली. मी सुटीतसुद्धा वायरी तपासत फिरते, आणि आत पाऊल टाकलं की आईच्या ओळखीचे लोक म्हणतात, आली सरूची पोरगी परीक्षा घ्यायला.

तो हसला. मग चहाचा ग्लास फिरवत म्हणाला, "तुला भीती वाटते?" तुमचं तू कधी झालं ते कुणालाच कळलं नाही.

"तुला?"

"आग बघून नाय वाटत. वर्दी घेताना वाटते. पत्ता लिहून घेतो ना... तेव्हा. ओळखीचा असला तर?"

नोकरीच्या तीन वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पत्ता पूर्ण ऐकेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो, हे आईलाही माहीत नव्हतं. त्या क्षणी तो मला आवडला. अगदी सरळ, काहीही आडपडदा न ठेवता आवडला.

मग रविवारांना कारण लागेनासं झालं. नागोठण्याचा तो चहावाला आम्हाला पाहिलं की न विचारता दोन कटिंग ठेवायचा. नितेश मला निशी म्हणू लागला. एकदा माझ्या मनगटावर पोळल्याचा डाग पाहून त्याने त्यावर अंगठा ठेवला... आणि बराच वेळ काढला नाही.

मार्च संपत आला होता. अंबा नदीच्या पुलावर आम्ही उभे होतो. खाली पाणी अगदी संथ होतं.

"आईला सांगितलं तुझ्याबद्दल," तो म्हणाला.

"मग?"

"खूश हाय. म्हणाली, घेऊन ये सून. फक्त... लग्नानंतर रोह्याला यायचं ना. नगरपरिषदेची नोकरी, बदली तर होत नाय. रोज पेण तुला झेपणार नाय. रोह्यात बघू की तुझ्यासाठी कायतरी."

कायतरी! दोनदा भरतीत नापास होऊन तिसऱ्यांदा शिडी चढले होते मी. आधी पोरं हसायची, मग त्याच पोरांनी मला ब्रांच दिली. धुराने भरलेल्या स्वयंपाकघरातून एका म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर आले, तेव्हा ती माझ्या मानेला लहान मुलासारखी बिलगली होती. त्या सगळ्याच्या जागी कायतरी.

"मग तू सोड," मी म्हटलं. "पेणला ये. बघू की तुझ्यासाठी कायतरी."

मी स्कूटर सुरू केली. मागे वळून पाहिलं नाही. आरशात तो पुलावर उभा दिसत होता, वळण येईपर्यंत.

पुढचे तीन आठवडे स्टेशनचा फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायचे, आणि पलीकडे नेहमी दुसराच कुणीतरी असायचा. पोपटकाका आडून आडून विचारायचे, "रोह्याचा फोन नाय आला गो? होज सगळे जागेवर हाईत ना?" मी चिडायचे. घरी आई गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत असायची. एकदा मी तिच्याजवळ बसून सगळं सांगून टाकलं. रडलेही थोडी.

तिने ब्रश खाली ठेवला नाही. "तेवीस वरसं डोळे आखतेय मी," ती म्हणाली. "कुणी म्हणालं सोड, तर हे हात नेऊन ठेवू कुठं? तू तुझं सोडू नको. न् पोरगा वाईट नाय, त्याला इचार करायला थोडा वेळ दे."

एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात पेण आणि रोहा दोघांची एकत्र कवायत होती, नागोठण्याजवळच्या एका मैदानावर. साहेब मंडपात बसले होते. हुकूम आला, दोन्ही गाड्यांचे होज जोडा. मी पेण ४ ओढत मध्यावर गेले. समोरून रोहा ७ घेऊन नितेश आला. तो वाळला होता. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो, आणि तो मान खाली घालूनच, भराभर बोलू लागला.

"मी पेणला कायतरी करतोय असं डोळ्यासमोर आणून बघितलं. आठ दिवस रोज. दुकानात बसलोय... रस्त्यावरनं बंब गेला... न् मी नुसता बघतोय. नाय जमलं, निशी. मला जमत नाय ते तुला कुठल्या तोंडानं सांगितलं मी?"

"कपलिंग लाव," मी म्हटलं.

"लावतो. नागोठण्यात खोली बघितलीय. पेणच्याच बाजूला, तुला जायला थोडं कमी अंतर पडंल. साहेबांना इचारलं, ड्युटीला वेळेत हजर असलो की झालं म्हणाले."

"आणि तुझी आई?"

"ती म्हणाली, आपल्या घराबाहेरची माणसं वाचवणारी पोरगी, तिला घरात कोंडून मी काय करू? फक्त बंबावरनं जाताना मला हात करंल का इचार." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे लाल होते. "निशी, तू—"

शिट्टी वाजली. "पाणी चालू!" मला पळावंच लागलं. पाणी आलं, कवायत झाली, टाळ्या झाल्या, भाषणं झाली. मग सगळ्यांनी एकदम होज गुंडाळायला घेतले. लोकांच्या गर्दीत तो माझ्याकडे पाहत होता. पण चारचौघांत हो म्हणायला मी काही पडद्यावरची नायिका नाही. पोपटकाकांनी हॉर्न दिला. मी गुंडाळलेला होज उचलला आणि गाडीत चढले. आरशात पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

पाच वाजता पेणला पोचलो. मी हातही न धुता फोन लावला.

"रोहा अग्निशमन," पलीकडून पडलेला आवाज आला.

"पेणहून बोलतेय. तुमचा एक होज आमच्याकडे आलाय."

"...कोणता?"

"रोहा सात."

"परत? हे बघ, या वेळी पण गुंडाळत तूच व्हतीस, चूक—"

"मागच्या वेळची चूक माझीच होती," मी म्हटलं. हे ऐकून पोपटकाकांच्या हातातला चहा हिंदकळला. "माझं लक्ष होजवर नव्हतं. तुझ्याकडे होतं. पण आज चूक नाही, नितेश. आज मी आकडा दोनदा वाचला आणि मग उचलला."

पलीकडून श्वास ऐकू आला, मोठी शिडी चढून आल्यासारखा.

"ऐकतोयस ना? रविवारी घेऊन येते. तू पेण चार आण. आणि त्या खोलीची किल्ली."

"किल्ली..." तो हसला की रडला ते मला नीट कळलं नाही. "किल्ली सकाळधरनं खिशातच हाय गो."

"मग राहू दे तिथेच," मी म्हटलं. "रविवारपर्यंत हरवू नकोस म्हणजे झालं."