दुसऱ्याचा थकवा

निहार देवतळे चार तास खेळला होता, पण घाम सोडला तर त्याच्या चेहऱ्यावर थकव्याची एकही खूण नव्हती. थकला होता सदानंद कुंभोजकर, आणि तो तर सकाळपासून खुर्चीत बसून होता.

सांतियागोच्या त्या मैदानावर पंधरा हजार चिलीकर एका सुरात ओरडत होते. महासंघ चषकाची अंतिम लढत दोन-दोन अशी बरोबरीत होती. चार एकेरी, एक दुहेरी, अशा पाच सामन्यांत ज्या देशाचे तीन, त्याचा चषक. पुरुषांच्या सांघिक टेनिसमधला हा सगळ्यात मोठा मान भारताला एकदाही मिळाला नव्हता. आता शेवटच्या एकेरीत निहारने दोन सेट घेतले होते, चिलीच्या इबार्राने दोन घेतले होते आणि पाचवा चालू होता.

सदानंदच्या कपाळावर बोटभर रुंदीची राखाडी पट्टी होती. तशीच निहारच्या कपाळावर होती. लोक तिला श्रमपट्टी म्हणत. त्या वर्षी, २०७१ साली, स्पर्धेत पहिल्यांदाच प्रत्येक खेळाडूमागे असा एक जण बसलेला असे, आणि त्याला नाव होतं श्रमग्राही. खेळणाऱ्याचा शीण तो स्वतःकडे घ्यायचा.

सहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या सराव शिबिरात डॉ. मृणालिनी आठल्ये यांनी त्याला हे समजावलं होतं, तेव्हा सदानंदला ते थापेसारखं वाटलं होतं. पाय निहारचे पळणार आणि दमणार मी, हे कसं, असं त्याने विचारलं होतं. पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या त्या मेंदूशास्त्रज्ञ बाई हसल्या नाहीत.

"थकवा पायात नसतो," त्या म्हणाल्या. "पायातून, हृदयातून, रक्तातून मेंदूकडे सारख्या बातम्या जात असतात. साखर कमी झाली, अंग तापलं, स्नायू ताणला. मेंदू त्या सगळ्यांची गोळाबेरीज करतो आणि तुम्हाला थांबायला सांगतो. बॅटरी पुरती संपण्याआधीच फोन तक्रार करायला लागतो ना, तसंच हे. शरीरात ताकद उरलेली असतानाच ही सूचना येते. आम्ही फक्त ती सूचना दुसऱ्याच्या मेंदूकडे वळवतो."

"म्हणजे त्याच्या शरीराला काही फरक पडत नाही?"

"शरीर झिजतंच. त्याला ते कळत नाही, एवढंच. म्हणून कुणाला तरी कळायला हवं. तुम्हाला."

म्हणूनच श्रमग्राहीच्या मनगटावर एक लाल कळ असे. खेळाडूच्या जिवाला धोका वाटला की ती दाबायची. मग जोड तुटायची, सगळा शीण एकदम खेळाडूवर यायचा आणि तो बहुधा तिथेच खाली बसायचा. एकदा तुटलेली जोड त्या सामन्यात पुन्हा जोडायला परवानगी नव्हती.

सांगलीचा सदानंद तेव्हा सदतीस वर्षांचा होता. अकरा वर्षांपूर्वी याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, निर्णायक सामन्यात, विजयापासून दोन गुणांवर असताना त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं होतं. त्यानंतर त्याला कुणी दोष दिला नाही. वर्तमानपत्रांनीही सांभाळून घेतलं. पण सांगलीत पाऊल ठेवलं की त्याची मान आपोआप खाली जायची. बल्लाळ सरांनी, म्हणजे संघाच्या कप्तानांनी, चंद्रपूरच्या या बावीस वर्षांच्या पोरामागे बसशील का असं विचारलं तेव्हा त्याने दुसऱ्या क्षणी होकार दिला.

आता पाचव्या सेटमध्ये इबार्रा चार-तीनने पुढे होता. सदानंदचा सदरा ओला झाला होता, जीभ टाळूला चिकटत होती. इबार्राचा श्रमग्राही पलीकडच्या खुर्चीत डोकं मागे टाकून पडला होता. त्यातच सदानंदच्या डाव्या मांडीत मागच्या बाजूने एक सणक निघाली आणि थेट गुडघ्यापर्यंत गेली.

त्याने आपली मांडी हाताने चाचपली. ती मऊ होती, सैल होती. मग हे दुखणं निहारचं होतं. स्नायू फाटायला आल्यावर कसं वाटतं ते अकरा वर्षांत तो विसरला नव्हता.

त्याचं बोट लाल कळेवर गेलं. दाबली तर सामना गेला. न दाबली आणि मांडी फाटली, तर सामना गेलाच, आणि कदाचित पोरगाही खेळातून गेला. खेळाडू बाजू बदलायला खुर्चीपाशी आले होते. निहार पाणी पीत उभा होता, सकाळी सरावाला आल्यासारखा ताजा. नियमाने कप्तान आणि श्रमग्राही या दोघांनाच त्याच्याशी बोलायची मुभा होती. सदानंद खुर्चीचा हात धरून कसाबसा उठला.

"निहार, तुझी डावी मांडी जायला आली आहे."

निहारने पाय झटकून बघितला. "काही नाही हो, सदूदादा. मस्त आहे पाय."

"तुला कळणार नाही. मला कळतंय. ऐक. अजून वीस-वीस फटक्यांची देवाणघेवाण केलीस तर ती फाटेल. डावीकडे वाकून पळायचं नाही. सर्व्हिस केली की थेट नेटवर ये आणि दोन फटक्यांत विषय संपव. तिकडचा चेंडू लांब गेला तर सोडून दे."

"पण मी तसा कधी खेळलो नाहीये."

"मी खेळलोय. मी इथून बघतो. जास्त झालं तर कळ दाबेन, मग चषक गेला तरी चालेल."

निहारने त्याच्याकडे रोखून पाहिलं. समोर ओला, पांढरा पडलेला, पाय थरथरणारा माणूस उभा होता. आपण आतून कसे आहोत हे निहारला पहिल्यांदाच दिसलं. त्याने मान डोलावली.

पुढच्या तीन गेममध्ये सदानंदने बोट कळेवरून काढलं नाही. निहार सर्व्हिस करून पुढे धावला की मांडीतली सणक वाढायची, चेंडूचा टप्पा पडण्याआधीच मारून त्याने व्हॉली संपवली की थोडी उतरायची. चार-चार झाले. इबार्राला हा नवा खेळ उमगेना; त्याने सलग दोनदा चेंडू नेटमध्ये मारला आणि आपली सर्व्हिस गमावली. पाच-चार. शेवटच्या गेममध्ये एक चेंडू डावीकडे लांब आला. सदानंदने श्वास रोखला. निहारने तो जाऊ दिला. एवढा एक गुण सोडला आणि पुढचे दोन घेतले. शेवटची व्हॉली मोकळ्या कोपऱ्यात पडली आणि पंधरा हजार लोक गप्प झाले.

तिरंगा वर जात होता तेव्हा सदानंदला दोघांनी धरून उभं केलं होतं. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. चार तास पन्नास मिनिटांचा एकेक फटका त्याच्या हाडांत होता. अकरा वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. राष्ट्रगीताचा शेवटचा सूर संपला तरी त्याची मान ताठ होती. इतका मोठा, इतका भरलेला अभिमान त्याला जन्मात कधी वाटला नव्हता, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही.

श्रमपट्टी सामना संपल्यावर लगेच काढत नसत. शरीर पूर्ववत होईपर्यंत ती राहू द्यावी लागे. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. आठल्ये यांनी दोघांच्या पट्ट्या सोडवल्या. निहारची मांडी थोडीच फाटली होती, दोन महिन्यांत बरी होईल असं त्यांनी सांगितलं. मग निहार खाली बघत म्हणाला, की त्याला एक विचारायचं आहे, आणि त्यांच्याऐवजी सदानंदकडे वळला.

"दादा, काल झेंडा वर जाताना तुम्हाला कसं वाटलं?"

सदानंदने त्याला अकरा वर्षांपासूनचं सगळं सांगितलं. निहार लक्ष देऊन ऐकत राहिला, परक्या देशाची हकिकत ऐकावी तसा.

"मला काहीच वाटलं नाही," तो म्हणाला. "आनंद झाला, पण कुणीतरी दुसरंच जिंकल्यासारखा. रात्री मी चषक खोलीत नेला, समोर ठेवला, बघत बसलो. डॉक्टर, हे काय आहे?"

डॉ. आठल्ये यांनी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

"मेंदू यश मोजतो ते त्यासाठी काय सोसलं यावरून," त्या म्हणाल्या. "सोसल्याची नोंद ज्या मेंदूत, अभिमानही त्याच मेंदूत. चाचण्यांत हे आम्हाला दिसलं होतं. पण आम्हाला विचारलं होतं ते खेळ सुधारतो का, एवढंच."

"ते मला परत मिळेल?"

"नाही. ते आता यांचं आहे."

तुझंच आहे रे सगळं, असं सदानंदने निहारला म्हटलं, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही कळत होतं.

फेब्रुवारीत पुण्याला पुढच्या मोसमाचं शिबिर भरलं. निहारने झालेला प्रकार लपवला नव्हता; त्याची मुलाखत देशभर वाचली गेली होती. बल्लाळ सरांनी सगळ्यांना मैदानावर बसवलं. अकरा जण होते, देशातले सगळ्यात चांगले दहा खेळाडू आणि सदानंद. विजेते म्हणून आपण उतरतोय, असं सर छाती फुगवून म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, श्रमग्राही व्हायला कोण तयार आहे?

अकराही हात वर गेले. निहारचा सगळ्यांच्या आधी.

सरांनी वही मिटली. "बरं. आणि खेळणार कोण?"

हात हळूहळू खाली येत गेले. पोरांना काहीतरी समजवायला हवं, तू मोठा आहेस, तू बोल, अशा नजरेने सरांनी सदानंदकडे पाहिलं. सदानंद बोलायला उठणार होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सगळ्यांचे हात खाली आले आहेत आणि आपला अजून वरच आहे.